तीनदा येणारं गाणं

पांढुर्ण्याच्या कापूस मंडीत मी नोकरीवर हजर झाले त्या दिवशी सोमकुवर बाबूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आधी माझं नेमणुकीचं पत्र खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. उलटं करून पाहिलं. मग बोटाला थुंकी लावून साहेबांच्या सहीवरून फिरवलं. शाई जराशी पसरली तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"सही खरी आहे," म्हणाले. "छापलेली असती तं पुसली नसती. बसा बाई."

माझ्या पहिल्या नोकरीच्या पत्रावर तो डाग कायमचा राहिला. मला राग आला होता, पण पहिल्या दिवशी कोणावर रागावायचं? पुढे कळलं की मी स्वस्तात सुटले होते. माझ्या आधी लागलेल्या एका शिपायाला त्यांनी, तो खरंच सातवी पास आहे की नाही ते पाहण्यासाठी, सातवीच्या पुस्तकातली कविता तोंडपाठ म्हणायला लावली होती.

सोमकुवर बाबूंचं काम मंडीत आलेला कापूस पारखायचं. सकाळी कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, लागल्या की ते आपले तपकिरी बूट करकरवत येत आणि सदऱ्याची उजवी बाही काखेपर्यंत गुंडाळत. बंडीवर वरून दिसणाऱ्या कापसाकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. बंडीच्या बाजूने, अगदी पोटात, खांद्यापर्यंत हात खुपसायचे आणि आतला मूठभर कापूस बाहेर काढायचे. डोळे मिटून चोळायचे, कानाशी नेऊन दाबायचे. वजन वाढावं म्हणून कोणी आत पाणी शिंपडलेलं असलं तर तो कापूस कानाशी वेगळा वाजतो, असं ते म्हणत. मी खूपदा ऐकून पाहिलं, मला काही कधी वाजला नाही.

"वरचा कापूस सगळ्याईचाच पांढरा असते बाई," ते म्हणत. "बंडीच्या पोटात हात घातल्याबिगर माणूस समजत नाई."

ही त्यांची पारख मंडीपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण संत्री घेताना ते टोपलीच्या तळातून काढून घेत. सौंसरच्या बसवर 'सौंसर' अशी पाटी असली तरी आधी ड्रायव्हरला विचारत, मग कंडक्टरला, आणि दोघांनी हो म्हटल्यावर आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला. म्हातारी हो म्हणाली की चढत. "त्या दोघाईले पगार भेटते," ते सांगत, "तिले काय फायदा खोटं बोलून?"

त्यांच्या टेबलाखाली एक दगड असे, जाम नदीच्या पात्रातला. आमच्याकडच्या दगडांना वर्षातून एकदाच काम पडतं, गोटमारीच्या दिवशी, नदीच्या दोन काठांची गावं एकमेकांवर दगड फेकतात तेव्हा. हा मात्र बारमाही नोकरीत होता. बाबू नदीपलीकडे सावरगावात राहत. तिथून तो आणून त्यांनी तीन ठिकाणच्या काट्यांवर तोलून घेतला होता. रोज सकाळी मंडीच्या काट्यावर आधी दगड चढे, मग कापूस. एकदा कार्यालयातल्या टवाळांनी त्याचा टवका उडवला. दुसऱ्या सकाळी दगड कमी भरला. आम्ही सगळे तोंड दाबून वाट पाहत होतो की बाबू आता काट्यावर संशय घेणार. बाबूंनी दगड उचलला, चारी बाजूंनी हात फिरवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "काटा बरोबर आहे. कोनी तरी दगडाले फसवलं." संध्याकाळपर्यंत त्यांनी टवका शोधून काढला. तो मोठ्या बाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्कच्या, खणात होता.

मुलीचं लग्न ठरवायच्या वेळी तर कहरच. मोहगावचा मुलगा, शाळेत मास्तर. बाबू न सांगता एक दिवस आधी मोहगावात जाऊन पानठेल्यावर बसले. ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांनी मुलाची स्तुती केली. बाबू घरी परतले ते तोंड पाडून. "अख्ख्या गावात एकही मानूस त्याले वाईट म्हनत नाई. मले तं काही तरी गडबड वाटून राहिली." लग्न मोडायच्या बेताला आलं. शेवटी दुसऱ्या खेपेला त्यांना एक म्हातारी सापडली. तिने मुलाला मनसोक्त शिव्या दिल्या, कारण त्याचा रेडिओ पहाटेपासून वाजे आणि तिची झोप मोडे. बाबू हसत परतले. "आता जमलं," म्हणाले. "रेडिओशिवाय दुसरी खोट नाई."

अशा माणसाचा जगात कोणावर तरी विश्वास होता का? होता. एकाच माणसावर, आणि तो आंधळा. त्यांच्या वडिलांवर.

वडील, तुळशीराम, बोरगावचे. दुसऱ्यांच्या शेतात राबून जगले आणि मी मंडीत लागायच्या कितीतरी आधी वारले. मी त्यांना पाहिलं नाही, पण दुपारच्या डब्याच्या वेळी ते आमच्यात रोज येऊन बसत म्हणा ना. बाबू सांगत की त्यांच्या बाबांनी तरुणपणी सौंसरला 'संगीत रत्नकंकण' पाहिलं होतं. मोठी नाटक कंपनी आली होती, मैदानात तंबू ठोकला होता, आणि बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. नाटकातली सगळी पदं त्यांना पाठ होती आणि त्यांच्याकडून ती बाबूंकडे आली होती. वनवासात बांगड्या विकून दिवस काढणारी राणी आपल्या हातातल्या शेवटच्या कंकणाकडे पाहून गाते, 'कंकण का हे मौन धरी'. हे पद म्हणताना बाबूंचा आवाज, जो एरवी बंडीवाल्यांवर ओरडून चिरका झालेला असे, एकदम मऊ होई.

"हे गाणं नाटकात तीन डाव येते," ते सांगत. "एका डावाले राणी उभी राहून म्हनते, दुसऱ्या डावाले बसून, अन् तिसऱ्या डावाले रडत. अन् राजा येते तो खऱ्या घोड्यावर! स्टेजवर टापा वाजतात. अन् वादळ होते तवा खरा पाऊस पडते, पुढच्या रांगेतले मानसं भिजतात."

"खरा पाऊस? तंबूत?" मी एकदा विचारलं.

"पुरावा आहे न बाई! बाबा घरी आले तवा सदरा वला होता. माह्या आजीनं स्वतः पिळला. आजी मले सांगे."

सही पुसून पाहणारा माणूस पुरावा देतो म्हटल्यावर आपण काय बोलणार! आणखी एक गोष्ट माझ्या मनात तेव्हाही आली होती आणि मी ती गिळली होती. मी सौंसरची, कापूस-संत्र्याच्या घरातली. त्या काळी नाटकाच्या तंबूत पहिल्या रांगेत कोण बसत असे आणि बोरगावच्या महारवाड्यातल्या मजुराला तिथवर कोणी जाऊ दिलं असतं का, हे मला न सांगता कळत होतं. बाबूंनाही कळायला हवं होतं. पण त्या एका बंडीत त्यांनी कधी हात घातला नव्हता.

आणि एका हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या टॉकीजच्या भिंतीवर कागद लागला: 'संगीत रत्नकंकण, नव्या संचात, रविवारी दुपारी तीन वाजता'. टॉकीजवाला संध्याकाळचा सिनेमा सोडायला तयार नव्हता म्हणून नाटक दुपारी. त्यानंतरच्या रविवारी सौंसरला दुसरा प्रयोग. बाबू तो कागद वाचायला तीनदा गेले. मला वाटलं आनंदाने वेडे होतील. छे!

"नव्या संचात म्हंजे काय?" ते म्हणाले. "नाव तेच अन् माल दुसरा. मले पक्कं माहीत आहे, यायनं नाटक कापलं असन."

रविवारी सकाळी सामान उतरत होतं तेव्हा ते मलाही ओढून घेऊन गेले. पडद्यांच्या वळकट्या, पेट्या, लाकडी सिंहासन. बाबूंनी सिंहासन बोटाने वाजवून पाहिलं. एका पेटीत हात घालणार तेवढ्यात कंपनीचे व्यवस्थापक धावत आले.

"काय हवंय आपल्याला?"

"घोडा कुठी आहे?"

"कसला घोडा?"

"राजाचा."

व्यवस्थापक माझ्याकडे पाहू लागले. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले.

"अन् पावसाचं पानी कुठून सोडनार? नळ तं दिसत नाई." मग आवाज खाली आणून, "कंकणाचं गाणं तीन डाव आहे न? का तेही कापलं?"

"पद आहे, साहेब. दुपारी या, ऐका," म्हणून त्या भल्या माणसाने काढता पाय घेतला.

"पाहा," बाबू मला म्हणाले. "तीन डाव आहे असं त्याच्या तोंडातून निघालं का? ताकास तूर लागू देत नाई."

दुपारी आम्ही चौथ्या रांगेत बसलो. बाबूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढी दोनदा केली असावी, गालावर कापलेलं होतं. नाटक म्हणजे डोळ्यांनी पाहायचं नाटक त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं ते हे. मीही पहिल्यांदाच. पडदा वर गेला आणि रंगवलेलं रान दिसलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बाबू मात्र खुर्चीच्या कडेला बसून प्रत्येक गोष्ट तपासत होते. एकेक पद सुरू झालं की ओठांनी म्हणत आणि मान हलवत. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. नाटकवाल्यांचा नव्हता की त्यांच्या बाबांचा नव्हता, कोणाला पास केलं म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मग टापा वाजल्या. बाबूंनी माझं मनगट धरलं. टापा जवळ आल्या, थांबल्या आणि राजा पायी चालत आत आला.

"घोडा बाहेर बांधला काय?" ते पुटपुटले. पण आमची जागा कडेला होती आणि तिथून पडद्याआडचा एक माणूस दिसत होता. त्याच्या दोन्ही हातांत नारळाच्या करवंट्या होत्या. त्याने त्या खाली ठेवल्या आणि विडी शोधू लागला. बाबू त्याच्याकडे पाहतच राहिले. पुढे वादळ आलं तेव्हा त्याच माणसाने पत्रा हलवला. गडगडाट झाला, पण पहिल्या रांगेतल्या कोणाच्या अंगावर थेंब पडला नाही.

त्यांचा हात माझ्या मनगटावरून कधी सुटला ते मला कळलं नाही.

राणीने 'कंकण का हे मौन धरी' म्हटलं. एकदा. फार सुंदर म्हटलं. लोकांनी टाळ्या दिल्या आणि ती पुढचं वाक्य बोलायला वळली तोच सोमकुवर बाबू उभे राहिले.

"बाई! अजून दोन डाव बाकी आहे!"

सगळं थिएटर हसलं. मागून कोणी तरी "बसा बाबूजी, इथं कापूस नाई मोजून राहिले" म्हणालं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. राणी गोंधळली. पण रंगमंचापुढच्या खड्ड्यात ऑर्गनवर बसलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मान वळवून बाबूंकडे पाहत होते, आणि ते हसत नव्हते.

मध्यंतरात बाबू थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी मागे.

"गाणं तीन डाव आहे," बाबू म्हणाले. "तुमी एकच डाव म्हटलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं तीनदा म्हणून?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"माह्या बाबानं. त्याईनं असली कंपनी पाह्यली. सौंसरले."

"मी होतो त्या कंपनीत. पोरसवदा होतो, तबल्यावर." म्हाताऱ्यांचे डोळे चमकले. "अहो, पुस्तकात पद एकदाच आहे. पण लोक वन्स मोअर द्यायचे! या पदाला दोन वन्स मोअर ठरलेले. सौंसरलाही पडले. तुमचे वडील खरं सांगत होते, त्यांनी तीनदा ऐकलं असणार. आता कोणी मागत नाही, म्हणून एकदाच होतं."

बाबूंचा चेहरा किती फुलला! सगळ्या गावासमोर बापाचा शब्द खरा ठरला होता. तिथेच थांबले असते तर! पण स्वभावाला औषध नाही. त्यांनी पुढचंही विचारलं.

"अन् पाऊस? बाबा पुढच्या रांगेत भिजले होते."

म्हातारे आठवू लागले. "सौंसरला पाऊस आला होता खरा. माघातला अवकाळी. पण तंबू आमचा पक्का होता हो, आत थेंब नाही आला. भिजले ते बाहेरचे. कनातीला कान लावून शे-दोनशे माणसं उभी असायची. ज्यांना आत घेत नसत ना, ती. त्या पावसात एकजण हलला नाही. उलट तिसरा वन्स मोअर बाहेरूनच आला, आणि आमच्या मालकांनी तो दिला नाही. म्हणाले, बाहेरच्यांचा कसला वन्स मोअर!"

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. समोर कोण उभं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बाबूंनी उजव्या हाताची मूठ वळली आणि उघडली. बंडीतून ओला कापूस निघाला की ते अशीच मूठ उघडून पाहत. मग त्यांनी म्हाताऱ्यांना हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो. उरलेलं नाटक त्यांनी पाहिलं नाही. टॉकीजच्या पायरीवर बसून राहिले. मी काही बोलण्यासारखं नव्हतं, कारण माझे आजोबा त्या प्रयोगाला आतच बसले असणार. आणि आमच्या घरात त्या नाटकाचं नावही कोणाला आठवत नव्हतं. ही गोष्ट मला तिथे पहिल्यांदा बोचली आणि मला स्वतःची लाज वाटली.

"आजीनं सदरा पिळला," ते म्हणाले. "तंबूत बसलेल्याचा सदरा वला कसा होईन, हे मले पन्नास वर्सं समजलं नाई. मले, बाई, मले! लोकाईच्या बंड्या फोडत राह्यलो मी."

"तुमच्यापासून लपवायचं असेल त्यांना," मी म्हणाले.

"खोटं नाई बोलले," ते एकदम तिखटपणे म्हणाले. "जे कानानं आलं ते सगळं खरं सांगितलं. खुर्ची तेवढी मनातली." मग रडू लागले. साठीला आलेला माणूस, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत. मी तिथून उठून जायला हवं होतं की बसायला, मला आजही सांगता येणार नाही. मी बसून राहिले.

आठवडाभर मंडीत त्यांनी कोणाच्या बंडीत हात घातला नाही. वरवर पाहून चिठ्ठी देत. बंडीवाल्यांनाच शंका येऊ लागली की बाबूंचा काही डाव आहे.

रविवारी मी सौंसरला घरी गेले होते. माझी बदली झालेली होती, छिंदवाड्याला, आणि तिथूनच परस्पर जायचं होतं. नाटकाला मी आईला घेऊन गेले. सौंसरला टॉकीज रिकामं नव्हतं म्हणून शाळेच्या मैदानावर कनाती लावून मांडव घातला होता. दुपारचं ऊन कापडातून पिवळं होऊन आत येत होतं. मांडव भरला होता, पण पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी होती. एक गृहस्थ तिथे बसायला गेले तर दारावरच्या माणसाने त्यांना उठवलं.

"ते भरली आहे जी. पांढुर्ण्याच्या सोमकुवर बाबूनं तिकीट घेतलं. त्याचे बाबा बसनार आहेत."

मी चारी बाजूंना पाहिलं. बाबू कुठेच नव्हते. खुर्चीवर कोणी आलं नाही. टापा वाजल्या, राजा आला, पत्र्याचं वादळ झालं. मग राणीने 'कंकण का हे मौन धरी' म्हटलं, एकदा, आणि टाळ्या संपायच्या आत डाव्या बाजूच्या कनातीपलीकडून एक चिरका आवाज आला.

"वन्स मोअर!"

लोक हसले, माना वळल्या. कनात जमिनीपासून वीतभर वर होती आणि तिच्याखाली दोन पाय दिसत होते. बंडीवाल्यांनी लांबून ओळखावेत असे ते तपकिरी बूट बाजूला नीट ठेवलेले होते आणि पाय अनवाणी होते. टाचा किंचित उचललेल्या, कापडाला कान लावणाऱ्या माणसाच्या असतात तशा. दारावरचा माणूस तिकडे धावणार तोच ऑर्गनवरच्या म्हाताऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पदाचे सूर पुन्हा धरले.

राणीने दुसऱ्यांदा म्हटलं. पुन्हा बाहेरून आवाज आला. तिने तिसऱ्यांदा म्हटलं. आता मांडवात कोणी हसत नव्हतं.

तिसऱ्यांदा गाणं संपलं आणि म्हातारे हात सुरांवर ठेवूनच थांबले. ते कनातीकडे पाहत होते. बाहेरून पुन्हा आवाज आला, या वेळी हळू, अगदी विचारल्यासारखा.

म्हाताऱ्यांनी राणीकडे पाहून मान हलवली, आणि सौंसरच्या त्या मांडवात ते पद चौथ्यांदा सुरू झालं.